प्रौढांसाठी खेळातून ऑनलाइन शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी करणाऱ्या किंवा बऱ्याच वर्षांनी पुन्हा शिकायला बसलेल्या माणसांना खेळाच्या रूपात ऑनलाइन काही शिकवावं, असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्याकडून मला येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे घाई केली की पुढचं सगळं काम बिघडतं, असा माझा अनुभव आहे.

खेळातून शिकवणं म्हणजेच गेमिफिकेशन ना?

नाही, आणि बहुतेक घोटाळा इथूनच सुरू होतो. गेमिफिकेशन हा शब्द निक पेलिंग या ब्रिटिश प्रोग्रामरने २००२ च्या सुमारास घडवला. आज त्याचा व्यवहारातला अर्थ असा झाला आहे की मूळ धडा आहे तसाच ठेवायचा आणि वरून गुण, बिल्ले, लेव्हल आणि लीडरबोर्ड (कोण कितवा ते दाखवणारी यादी) चढवायचे. कडू गोळीला साखरेचा मुलामा दिल्यासारखं हे असतं. साखर विरघळली की गोळी कडू ती कडूच. खेळातून शिकवताना खेळ आणि धडा वेगळे काढताच येत नाहीत.

ओळखायची खूण सोपी आहे. सापशिडीच्या घरांवर आगीपासून बचावाचे प्रश्न लिहिले. उद्या तेच प्रश्न पुसून हिशेबाचे प्रश्न लिहिले, तरी खेळ तसाच चालेल. पुढे कोण जाणार हे फासा ठरवतो, खेळणाऱ्याने काहीच ठरवलेलं नसतं. विषय बदलला तरी खेळाला ढिम्म फरक पडत नसेल, तर तो खेळ त्या विषयाचा नव्हेच.

मोठ्या माणसांना हे पोरकट वाटणार नाही का?

प्रौढांनी गंभीर कामासाठी खेळणं ही नवी गोष्ट नाही. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना डावपेच शिकवण्यासाठी १८२४ पासून नकाशावरचा युद्धखेळ वापरला जात होता. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये जमिनीवरच विमान चालवायला शिकवणारं यंत्र तयार केलं. क्लार्क ॲब्ट यांनी १९७० मध्ये ‘सिरियस गेम्स’ हे शब्दच पुस्तकाचं नाव म्हणून वापरले.

मोठ्या माणसांना खेळाचा राग येत नाही. आपल्याला लहान मूल समजून वागवलं, याचा येतो. प्रत्येक क्लिकनंतर टाळ्या वाजवणारं कार्टून, ‘शाब्बास!’ म्हणणारा आवाज, उगाच उडणारे फुगे, हे सगळं काढून टाका. पंचवीस वर्षं यंत्रावर काम केलेल्या माणसाला ‘चला, आज आपण सुरक्षिततेची गंमत शिकूया’ असं म्हटलं, तर त्याने तिथेच खिडकी बंद केली तर त्याचं काय चुकलं?

प्रौढ शिकतात ते मुलांपेक्षा वेगळं असतं म्हणजे नेमकं कसं?

या विषयात माल्कम नोल्स यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. १९६० आणि ७० च्या दशकांत त्यांनी ‘अँड्रागॉजी’, म्हणजे प्रौढांच्या शिक्षणाचं शास्त्र, हा विचार रुजवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : प्रौढाला आधी ‘हे मी का शिकू’ याचं उत्तर लागतं. आपलं आपण ठरवायची त्याला सवय असते. तो रिकाम्या हाताने येत नाही, अनुभव घेऊन येतो. आणि पुढे कधीतरी उपयोगी पडेल अशा माहितीपेक्षा आज समोर उभी असलेली अडचण त्याला महत्त्वाची वाटते.

यातला अनुभवाचा मुद्दा खेळ करणाऱ्यासाठी सगळ्यांत मोलाचा आणि सगळ्यांत अवघडही. अनुभवाबरोबर हाताला लागलेल्या सवयीही येतात, आणि त्यातल्या काही चुकीच्या असतात. ‘तुमची पद्धत चूक आहे’ असं सांगून त्या सुटत नाहीत, माणूस उलट हट्टाला पेटतो. तीच पद्धत त्याला खेळात वापरू द्यावी आणि ती कुठे अडकते ते त्याचं त्याला दिसू द्यावं. खेळाचं खरं बळ मला यातच दिसतं.

असा एखादा खेळ सांगा ना.

‘बिअर गेम’. एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या गटाने तो १९६० च्या सुमारास तयार केला. आता त्याच्या ऑनलाइन आवृत्त्याही आहेत. चार भूमिका असतात : किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना. प्रत्येकाला फक्त आपल्या शेजारच्याकडून आलेली ऑर्डर दिसते. आपण मागवलेला माल हातात यायला काही आठवडे लागतात. माल साठून राहिला तर खर्च आणि कमी पडला तर त्याहून जास्त खर्च. नियम एवढेच.

नेहमीच्या आवृत्तीत ग्राहकाची मागणी सुरुवातीला आठवड्याला ४ नग असते, ती पाचव्या आठवड्यात ८ होते आणि मग शेवटपर्यंत ८ च राहते. बदल होतो तो फक्त एकदा. पण माल वेळेत येत नाही म्हणून विक्रेता घाबरून जास्त मागवतो, ते पाहून घाऊकवाला आणखी जास्त मागवतो, आणि कारखान्यापर्यंत पोचेतो नुसता गदारोळ. पुढे तो सगळा माल एकदम येऊन थडकतो आणि गोदामं ओसंडून वाहतात.

खेळ संपल्यावर खेळाडूंना विचारतात, ‘ग्राहकाची मागणी कशी होती, ती काढून दाखवा.’ लोक कागदावर मोठमोठ्या लाटा काढतात. मग खरी रेघ दाखवली जाते : एक पायरी आणि पुढे सपाट. ज्याला त्याला वाटत असतं की गडबड दुसऱ्याने केली. त्या सपाट रेघेकडे बघताना कळतं की सगळे शहाणे असूनही रचनेमुळे गोंधळ होऊ शकतो. हे स्लाइडवर चार वाक्यांत सांगता येतं, पण तसं सांगितलेलं कुणाच्या अंगी लागत नाही.

मला खेळ करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

अभ्यासक्रमाच्या अनुक्रमणिकेपासून तर मुळीच नको. ते काम रोज करणाऱ्या दोन-तीन माणसांजवळ बसा आणि विचारा, ‘नवा माणूस कुठे चुकतो? आणि चुकलं हे त्याला केव्हा कळतं?’ जी चूक होते तेव्हा दिसत नाही आणि नंतर महागात पडते, तिच्यात तुमचा खेळ दडलेला असतो.

मी केलेला एक खेळ सांगते, म्हणजे कल्पना येईल. विषय होता ड्युटी बदलताना नर्सने द्यायचा हँडओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या नर्सकडे सोपवणं. सकाळचे सात वाजत आलेत, तुमची नाइट ड्युटी संपते आहे. चार रुग्णांच्या फाइली समोर आहेत आणि पुढच्या सिस्टरसाठी लिहायला फक्त बारा ओळी. बेड नंबर दोनच्या बाईंच्या नातेवाइकांनी रात्रभर वाद घातला आहे. बेड नंबर तीनच्या आजोबांनी पहाटे चारला एकदाच ‘जरा दम लागतोय’ म्हटलं होतं, मग ते झोपले. दमून गेलेल्या माणसाला नातेवाईकच आठवतात. बारातल्या चार ओळी तिथेच जातात.

मग खेळ उलटतो. आता सकाळची सिस्टर तुम्हीच. फाइली बंद, हातात फक्त तुम्हीच लिहिलेल्या त्या बारा ओळी. दहा वाजता आजोबांना धाप लागते. डॉक्टर विचारतात, ‘हे कधीपासून?’ आणि तुमच्या ओळींत त्याचं उत्तर नसतं.

यात गुण नाहीत, घड्याळ नाही, ‘चूक’ असा लाल शिक्का नाही. कामावर जे करायचं तेच खेळात करायचं, म्हणजे काय सांगायचं आणि काय गाळायचं ते ठरवायचं, आणि त्याचं फळ आपणच भोगायचं. खेळातली मुख्य कृती आणि कामातली मुख्य कृती एकच असली पाहिजे. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीवर आहे.

मग गुण, बिल्ले, लीडरबोर्ड अजिबात नकोत?

जपून वापरा. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना त्याचे पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर त्या गटाचा मोकळ्या वेळेत कोडी सोडवण्यातला रस पूर्वीपेक्षा उतरलेला दिसला. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलं की माणसाला आतून ओढ लागायला तीन गोष्टी लागतात : आपलं आपण ठरवता येणं, जमतंय असं वाटणं आणि सोबतच्यांशी नातं जुळणं. बिल्ला यातल्या कशाचीच जागा घेऊ शकत नाही.

लीडरबोर्डचा तर मला खरंच त्रास होतो. वरच्या पाच जणांना तो आवडतो, खालच्या पन्नासांना तो रोज सांगतो की तुम्ही मागे आहात. त्यात वयाने, हुद्द्याने मोठं माणूस खाली आलं की ते गुपचूप खेळणं सोडतं, कारणही सांगत नाही. क्रमवारी दाखवायचीच असेल तर त्याची त्याच्याशी दाखवा : गेल्या वेळी चार महत्त्वाच्या गोष्टी सुटल्या होत्या, या वेळी एक.

याने खरंच जास्त शिकतात का? पुरावा आहे का?

आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा सरळ नाही. ट्रेसी सिट्झमन यांनी २०११ मध्ये प्रौढांच्या प्रशिक्षणातल्या सिम्युलेशन खेळांवरचे अभ्यास एकत्र तपासले. ६५ गट आणि ६,४७६ शिकणारे. तुलनेच्या गटापेक्षा माहिती ११ टक्के, कृतीचं ज्ञान १४ टक्के, लक्षात राहणं ९ टक्के आणि ‘मला हे जमेल’ हा विश्वास २० टक्के जास्त आढळला. त्याच लेखात हेही आहे की चांगले निकाल छापले जाण्याकडे या क्षेत्राचा कल दिसतो. आणि दुसऱ्या गटालाही हाताने काही करायला लावणारं चांगलं शिक्षण मिळालं असेल, तर खेळ मागे पडतो.

पीटर वाउटर्स आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा आढावाही असाच आहे : शिकणं आणि टिकणं वाढतं, पण खेळ आहे म्हणून उत्साह जास्त असतो असं दिसलं नाही. म्हणून ‘लोक कंटाळलेत, खेळ करून द्या’ अशी मागणी आली की मी आधी कंटाळ्याचं कारण विचारते. खेळ इतर शिक्षणाच्या जोडीला ठेवा, हवा तितक्या वेळा खेळू द्या आणि खेळणाऱ्याला नुसतं बघायला न लावता काहीतरी करायला लावा. एवढं पाळलं तर फायदा होण्याची शक्यता चांगली आहे.

चुकीचा पर्याय निवडला की लगेच बरोबर उत्तर दाखवावं का?

आधी परिणाम दाखवा, स्पष्टीकरण मागाहून. ग्राहकाने फोन आपटला, यंत्र थांबलं, हिशेब जुळेना, हे पाहिल्यावर माणूस स्वतःच विचार करू लागतो. मनू कपूर यांचं ‘उपयोगी अपयश’ या विषयावरचं काम (२००८ पासून) याच दिशेचं आहे : आधी स्वतः धडपडून अडकलेल्यांना नंतरचं शिकवणं जास्त खोल उतरतं. पण हे जमायचं तर परत फिरून खेळायची वाट मोकळी हवी, आणि चूक चारचौघांत दिसता कामा नये.

चुकीचे पर्याय लिहायलाच खरा वेळ द्या. तीन उद्धट आणि एक सभ्य असे चार पर्याय दिले, तर सभ्य पर्याय विचार न करताच निवडला जातो. प्रत्येक चुकीचा पर्याय शहाण्या माणसालाही क्षणभर योग्य वाटायला हवा.

खेळ किती अवघड ठेवावा?

मिहाय चिकसेंटमिहाई यांनी ‘फ्लो’ म्हणून कामात पूर्ण गुंगून जाण्याची जी अवस्था वर्णन केली ती आव्हान आणि कुवत यांचा मेळ बसला की येते. प्रौढांच्या गटात ही कुवत फार वेगवेगळी असते, म्हणून ‘मला हे येतं, पुढे जाऊ द्या’ असं बटण पहिल्या पडद्यावरच ठेवा.

संवाद कसे लिहायचे?

मोठ्याने वाचून. ‘आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली असून यथावकाश कार्यवाही करण्यात येईल’ असं जिवंत माणूस फोनवर बोलत नाही. ‘नाव आणि नंबर सांगा, मी बघते आणि चारपर्यंत तुम्हाला फोन करते’ असं बोलतो. पात्रांच्या तोंडी पत्रकाची भाषा आली की खेळणाऱ्याला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं आणि तो खरं मत सोडून परीक्षकाला आवडेल ते निवडतो. कोण कुणाला ‘अहो’ म्हणतं आणि कोण ‘अरे’, हेही ठरवून घ्या. त्या एका शब्दात दोघांमधलं नातं कळतं.

कुठली साधनं वापरू? मला प्रोग्रामिंग येत नाही.

पहिलं साधन कागद. पत्त्यांएवढ्या चिठ्ठ्यांवर प्रसंग लिहा आणि एखाद्याला हाताने खेळवून बघा. त्यानंतर फाटे फुटणाऱ्या गोष्टींसाठी ट्वाइन घ्या. क्रिस क्लाइमस यांनी २००९ मध्ये आणलेलं हे साधन मोफत आहे आणि तयार खेळ ब्राउझरमध्ये चालतो. मूडलसारख्या ऑनलाइन वर्ग चालवायच्या ठिकाणी धड्याच्या आत छोटे परस्परसंवादी तुकडे घालायला एचफाइव्हपी आहे. चित्रं आणि पात्रांसह गोष्ट सांगायची तर रेनपाय. पूर्ण खेळ बांधायचा तर गोडो, तेही मोफत आणि मुक्तस्रोत.

देवनागरीची एक अडचण आधीच सांगून ठेवते. काही गेम इंजिनांत जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये ही अक्षरजुळणी नीट होते, ब्राउझरमध्ये तर होतेच. साधन निवडण्याआधी ‘शक्ती’, ‘स्थिती’, ‘ऱ्हास’ हे तीन शब्द टाईप करून बघा. सगळा खेळ बांधून झाल्यावर हे लक्षात आलं की फार जीव जातो.

किती लोकांवर चाचणी घेऊ?

पाच. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब असा आहे की पाच जणांत बहुतेक अडचणी उघड होतात. मग दुरुस्त करा आणि दुसरे पाच घ्या. चाचणी घेताना गप्प बसायचं. समोरचा भलतीकडेच क्लिक करत असतो, तुमच्या ओठांवर ‘तिकडे नाही हो’ आलेलं असतं, तरी बोलायचं नाही. हँडओव्हरच्या खेळात एका सिस्टरने बारा ओळींच्या चौकटीकडे बराच वेळ बघून ती तशीच सोडली आणि पुढे गेली. मला वाटलं कंटाळली. नंतर म्हणाली, ‘मला वाटलं ते आधीच कुणीतरी लिहिलंय.’ चौकटीत मी नमुना म्हणून फिकट अक्षरांत एक ओळ घातली होती. ती काढली आणि तो प्रश्नच मिटला.

डोळ्यांचा, कानांचा, हातांचा त्रास असलेल्यांचं काय?

याचा विचार पहिल्या दिवसापासून करा, शेवटी ठिगळ लावून चालत नाही. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी फरक किमान ४.५ : १ हवा आणि एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही लुकलुकू नये. लाल-हिरव्यावर अर्थ सोडू नका, बऱ्याच पुरुषांना तो फरक दिसत नाही. आवाजाला मजकूर हवा. उलटं चालणारं घड्याळ बंद करता आलं पाहिजे. ते भरभर वाचू शकणाऱ्यालाच बक्षीस देतं, आणि वेग हा तुमच्या विषयाचा भाग नसेल तर त्याचं खेळात काय काम?

खेळ झाला की शिकणं झालं का?

नाही. खेळानंतरची चर्चा, म्हणजे डीब्रीफिंग, गाळली की अर्धं शिक्षण वाया जातं. तीन प्रश्न पुरतात : काय झालं? तसं का झालं? उद्या कामावर वेगळं काय कराल? व्हिडिओ कॉलवर सात-आठ जण आणि अर्धा तास. पहिल्या प्रश्नावर घाई करू नका. माणसं आधी आपली बाजू सांगतात, ती सांगून झाल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाकडे वळत नाहीत. सगळ्यांना एका वेळी जमत नसेल तर लेखी घ्या, पण दुसऱ्याचं उत्तर स्वतःचं लिहून झाल्यावरच दिसेल असं करा.

लोक एकदाच खेळतात, परत येत नाहीत.

‘रोज खेळण्याची मालिका तुटेल’ अशी भीती घालून माणसं परत आणता येतात, पण तशी आणू नयेत. परत यायला कारण द्या. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं की शिकलेलं किती लवकर विसरतं, आणि रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं. तेव्हा तीन दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी पाच मिनिटांचा नवा प्रसंग पाठवा. वॉर्ड तोच, रुग्ण वेगळे.

एआयने पात्रं बोलती करावीत का?

सरावासाठी उत्तम. चिडलेल्या ग्राहकाशी हवं तसं बोलून बघता येतं, ठरीव पर्याय लागत नाहीत. पण पात्र भरकटतं, खोटी माहिती ठामपणे देतं, आणि दोन खेळाडूंना एकाच वागण्याचा वेगळा परिणाम देऊ शकतं. म्हणून संवाद एआयकडे द्या, खेळाचे नियम आणि निकाल मात्र स्वतः लिहिलेले ठेवा. आरोग्य, कायदा, पैसा असे विषय असतील तर जाणकाराने पुष्कळ संभाषणं वाचल्याशिवाय ते कुणासमोर ठेवू नका.

उपयोग झाला हे मोजायचं कसं?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या अजून कामी येतात : आवडलं का, शिकले का, कामावर वागणं बदललं का, त्याचा संस्थेला फायदा झाला का. बहुतेक जण पहिल्या पायरीवर थांबतात. ऑनलाइन शिकण्याच्या नोंदी ठेवायच्या, २०१३ मध्ये स्थिर झालेल्या एक्सएपीआय या मानकामुळे खेळाडूने कुठला निर्णय कधी घेतला हे नोंदवता येतं, आधीचं स्कॉर्म हे मानक मुख्यतः पूर्ण झालं की नाही आणि गुण किती एवढंच सांगायचं. पण ही नोंद साहेबांच्या टेबलावर जाणार आहे असं कळलं, की कुणी चूक करून बघायचं धाडस करत नाही. काय नोंदवलं जातं आणि कोण बघतं हे पहिल्याच पडद्यावर साध्या भाषेत लिहा, आणि एकेकट्याच्या चुका वरिष्ठांना देऊ नका. मागितल्या तरी.

खेळ कुठे करूच नये?

जिथे भिंतीवर लावलेला एक तक्ता पुरतो तिथे. पासवर्ड कसा बदलायचा, अर्ज कुठे द्यायचा, यासाठी खेळ नको. जिथे निर्णयच नाही, तिथेही नको.

पहिला खेळ किती मोठा असावा?

एक प्रसंग, एक निर्णय, दोन परिणाम. कागदावर लिहा, ते काम करणाऱ्या एका माणसाला खेळू द्या आणि तो ‘अहो, आमच्याकडे असं होत नाही’ म्हणाला की पेन त्याच्या हातात द्या.